पैनगंगेच्या अलीकडे : एका जिल्ह्याच्या सरकत्या सीमा

‘आदिलाबाद जिल्हा’ असे कोणी म्हणाले की आधी साल विचारावे लागते. 1905 सालचा जिल्हा वेगळा, 1956 च्या नोव्हेंबरनंतरचा वेगळा आणि 2016 च्या दसऱ्यानंतरचा तर फारच वेगळा. पहिल्यात राजुरा आणि किनवट होते, भैंसा-मुधोळ नव्हते. दुसऱ्यात भैंसा-मुधोळ आले, राजुरा-किनवट गेले. तिसऱ्यात निर्मल गेले, मंचेरियाल गेले, आसिफाबाद गेले, आणि सोळा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा असलेला जिल्हा चार हजारांच्या थोडा वर येऊन थांबला. गाव तेच, शेत तेच, विहीर तीच. कागदावरचे तालुके, जिल्हे आणि राज्ये मात्र बदलत गेली.

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांची घराणी या भागात शंभर वर्षांपासून, काहींची त्याहून जुनी आहेत. आपण स्वतःला ‘सीमाभागातले मराठी’ म्हणवतो. हा शब्द मला अलीकडे अपुरा वाटू लागला आहे. का, ते पुढे येईल. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. पण आमच्या शास्त्रात तक्रार ऐकण्याआधी रोग्याची सारी हकिगत विचारून घ्यायची असते: कुठला राहणारा, पाणी कुठले, पूर्वी काय झाले होते. त्याच सवयीने या जिल्ह्याची हकिगत घेतली आहे.

नावापासून सुरू करू. जुन्या कागदांत हे गाव ‘एदलाबाद’ आहे. विजापूरच्या आदिलशाहीवरून हे नाव पडले असे परंपरेने सांगतात. खानदेशातल्या वाचकांचा इथे घोटाळा होतो, कारण जळगाव जिल्ह्यातले आजचे मुक्ताईनगर हेही पूर्वी एदलाबादच होते. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून ‘अदलाबाद’ येते. ते चुकीचे नाही; एदलाबाद आणि आदिलाबाद यांच्या मधले आहे एवढेच.

आता भूगोल. जुना, अखंड जिल्हा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला पैनगंगा. ती पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धेला मिळते. ईशान्येला वर्धा, ती पुढे वैनगंगेला मिळाली की दोघींची प्राणहिता होते आणि जिल्ह्याच्या पूर्वेने खाली उतरते. दक्षिणेला गोदावरी. अशी जवळजवळ चहूबाजूंनी नद्यांनी वेढलेली ही भूमी, आणि तिच्या मधून वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेली डोंगरांची रांग. जुन्या गॅझेटियरांत तिला सह्याद्री पर्वत किंवा सातमाळा म्हटले आहे. आपण निर्मलचे डोंगर म्हणतो. नागपूर-हैदराबाद रस्त्याने जाताना नेरडीगोंड्याच्या पुढे घाट लागतो, तो हाच. घाटाच्या अलीकडे कुंतालाचा धबधबा आहे. तेलंगणातला तो सर्वांत उंच मानतात. तिथून पडलेली कडम नदी दक्षिणेला जाऊन गोदावरीत मिसळते.

या घाटावर क्षणभर थांबून दोन्हीकडे पाहिले तर जिल्ह्याचा अर्धा इतिहास समजतो. उत्तरेला पैनगंगेकडे उतरणारी काळी जमीन आहे: कापूस, ज्वारी, तूर, आता सोयाबीन. बेला, जैनद, तांसी, तलमडुगू ही गावे पाहिली तर वणी-पांढरकवड्याहून ओळखू येणार नाहीत. शेताचा बांध तसाच, बैलगाडी तशीच, पोळा तसाच. दक्षिणेला घाट उतरलात की निर्मल, खानापूर, लक्षेट्टीपेट: तळी, तळ्याखालची भातशेती, ताडाची झाडे. हा अस्सल तेलंगणा. काळ्या जमिनीवर मराठी आणि तळ्याखाली तेलुगू, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. अपवाद बरेच सापडतील, पण हिशेब फारसा चुकत नाही. कापूस आणि ज्वारीची शेती जाणणारा कुणबी पैनगंगा ओलांडून आला तरी त्याला नवीन काही शिकावे लागत नव्हते.

आणि मधे काय? डोंगरावरचे पठार. उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली, जैनूर, केरामेरी. हे गोंडांचे आणि कोलामांचे. आपला सगळा सीमावाद मराठी आणि तेलुगू या दोन बाजूंनी लिहिला गेला आहे. हे मधले पठार त्यात सहसा येतच नाही.

गोंड राजांचे चांदा वर्धेच्या पलीकडे. माणिकगड अलीकडे, आजच्या गडचांदूरजवळ. सिरपूर त्याच्या खाली. उटनूरला गढी. या ठिकाणांना एका रेघेने जोडा आणि मग आजची राज्यांची सीमा त्यावर ठेवून पाहा. रेघ तुटते. अकबराच्या काळात अबुल फजलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची यादी दिली आहे. तीत माहूर आहे, माणिकदुर्ग आहे आणि ‘तेलंगाणा’ या नावाचेही एक सरकार आहे. म्हणजे वऱ्हाडच्या पोटात तेलंगणा! तेलंगणात वऱ्हाडी बोलणारी माणसे कशी, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात तेव्हा मी त्यांना हे सांगतो आणि चहा मागवतो.

जैनदचा उल्लेख झालाच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. या गावाच्या नावामुळे आमच्या जैन समाजात पिढ्यान् पिढ्या असे समजतात की तिथले लक्ष्मीनारायणाचे देऊळ मुळात जिनालय असावे. माहितीपत्रकांतही मंदिराची शैली जैन असल्याचे लिहिलेले असते. मलाही ते आवडले असते. पण तिथला शिलालेख परमार जगद्देवाच्या काळातला, म्हणजे साधारण बाराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. हा जगद्देव माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा. दक्षिणेत कल्याणीच्या चालुक्यांकडे आला. त्याचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे मंदिर बांधल्याची नोंद त्या लेखात आहे. देऊळ सूर्याचे. नावाच्या आवाजावरून इतिहास काढू नये, एवढे त्या दगडाने मला शिकवले. शिवाय माळव्याचा राजपुत्र, कर्नाटकातले सम्राट आणि पैनगंगेकाठचे गाव यांची गाठ एका लेखात पडते. त्या काळी इथे टोक कुठे होते आणि मध्य कुठे?

नद्या सीमा झाल्या त्या फार उशिरा. 1803 च्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तेव्हापासून वर्धा ही हद्द. पैनगंगेच्या मात्र दोन्ही काठांवर निजामाचेच राज्य होते. 1853 साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी निजामाला वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवावे लागले, आणि त्या दिवशी पैनगंगा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने सरहद्द झाली. पलीकडे इंग्रजी अंमल, अलीकडे मोगलाई. हा शब्द आपल्या आज्यांच्या तोंडी होता: ‘पोरीला मोगलाईत दिली.’ पैनगंगा ही मराठी-तेलुगूची निसर्गदत्त सीमा आहे असे भाषणांतून ऐकू येते. तिच्या सीमा होण्याचे मूळ एका कर्जाच्या हिशेबात आहे.

संस्थानात जिल्हे आले ते पहिल्या सालारजंगाच्या काळात, 1860 च्या दशकात. त्याने जिल्हाबंदी केली. वसुली मक्तेदारांच्या हातून काढून पगारी अधिकाऱ्यांकडे दिली. जिल्ह्याचा प्रमुख तो अव्वल तालुकदार. आपला हा भाग इतका रानवट समजला जाई की त्याला पुरता जिल्हाही करावासा वाटला नाही. 1872 साली ‘सिरपूर-तांडूर’ नावाचा उपजिल्हा केला आणि त्यात एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर असे तीन तालुके ठेवले. 1905 मध्ये त्याचा पूर्ण जिल्हा झाला. निर्मल इंदूरकडून, म्हणजे आजच्या निजामाबादकडून, तर चिन्नूर आणि लक्षेट्टीपेट एलगंदलकडून, म्हणजे करीमनगरकडून काढून जोडले. मुख्यालय आसिफाबाद, जुने जनगाव ते हेच. आदिलाबादला कचेरी आली ती बऱ्याच नंतर.

या जोडणीकडे नीट पाहा. घाटाखालचे तेलुगू तालुके, घाटावरचे गोंडांचे पठार आणि पैनगंगेकाठचे मराठी तालुके असे तीन वेगळे प्रदेश एका अव्वल तालुकदाराच्या हाताखाली आले. कारभार उर्दूत, बाजार मराठीत आणि तेलुगूत, जंगल गोंडीत. हा जिल्हा भाषेवर कधीच उभा नव्हता. तो महसुलावर उभा होता, आणि पुढे जंगलाच्या लाकडावर आणि कोळशावर.

मग आगगाड्या आल्या. काझीपेट-बल्लारशाह मार्गाने पूर्वेची बाजू दिल्ली-मद्रासला जोडली. बेल्लमपल्लीचा कोळसा आणि सिरपूरचा कागद कारखाना त्या मार्गावर वाढले. आदिलाबादला आलेला मार्ग वेगळा: मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आलेला. हा कापसाचा मार्ग होता. जिल्ह्याच्या पूर्वेचे तोंड बल्लारशाहकडे आणि पश्चिमेचे नांदेडकडे वळले, आणि मधे पठार तसेच राहिले. आमचे घराणे सैतवाळ जैनांचे. पणजोबा वाशीमकडून कापसामागोमाग इथे आले. तुमच्यापैकी कोणी देशपांडेपणावर आले असेल, कोणी पटवारी म्हणून, कोणी नांगर घेऊन, कोणी गाडीतळावर हमाली करायला. आपण सगळे कोणत्या ना कोणत्या पिकामागून किंवा कागदामागून आलो.

ज्या जमिनीवर आपण आलो ती रिकामी नव्हती.

हे वाक्य आपल्या सभांमधून फारसे बोलले जात नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत संस्थानाने जंगले राखीव करायला सुरुवात केली. गोंड शेतकरी जमीन काही वर्षे कसून पडीक सोडी, दुसरी कसे, पुन्हा पहिलीकडे येई. पडीक सोडलेली जमीन कागदावर बेवारस ठरली. काही जंगलखात्याने घेतली, काहीचा पट्टा कचेरीत जाऊन अर्ज लिहू शकणाऱ्याच्या नावे झाला. अर्ज कोणाला लिहिता येत होता? मराठवाड्यातून, वऱ्हाडातून आणि खालच्या तेलंगणातून आलेल्यांना. माझ्या आजोबांच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. त्यांत गोंडांची नावे आहेत, नावांपुढे रकमा आणि काही रकमांपुढे जमिनीचे नंबर. त्या वह्या मी मुलांना वाचून दाखवल्या. कोणाला दोषी ठरवण्यासाठी नाही; आपले घर कशावर उभे आहे ते त्यांना माहीत असावे म्हणून.

1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कोमराम भीम पोलिसांच्या गोळीने पडले. जमीन कसण्याचा हक्क मागणारे हे बंड निजाम सरकारला मोडता आले, पण कारण शोधावे असे मग सरकारलाच वाटले. महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडलेले ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हाइमेनडॉर्फ यांना पाहणीचे काम दिले गेले. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लावाई या गोंड खेड्यात राहिले. पुढे ते संस्थानाचे आदिवासींविषयक सल्लागार झाले. गोंडांना पट्टे मिळू लागले, केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला आणि मार्लावाईला शिक्षक तयार करण्याची शाळा निघाली. त्या शाळेची गोंडी पुस्तके देवनागरीत होती. बेट्टी 1987 मध्ये वारल्या. त्यांची समाधी मार्लावाईतच आहे. दरबार अजून भरतो.

याच सुमारास आपल्यातला एक मोठा माणूस या जिल्ह्यात वावरला. सेतुमाधवराव पगडी. शिवकाळाचे अभ्यासक आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचे संपादक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण हैदराबाद संस्थानाच्या महसूल खात्यात असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली आणि आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. निलंग्याचा मराठी माणूस, उर्दू-फारसीचा पंडित, आणि पठारावर जाऊन कोलामांचे क्रियापद समजून घेतो. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात पगड्यांची इतिहासावरची पुस्तके आहेत, गोंडीवरची नाहीत. ती मिळवायला हवीत.

आता 1956. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि आठ वर्षे हैदराबाद राज्य नांदले. फाजल अली आयोगानंतर संसदेने राज्यपुनर्रचनेचा कायदा केला आणि 1 नोव्हेंबर 1956 ला संस्थानाचे तीन तुकडे झाले. आपल्या भागापुरते पाहायचे तर कायद्याची भाषा अगदी नेमकी आहे. आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. त्यातून किनवट तालुका, राजुरा तालुका आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर सर्कल एवढे वगळले. ते मुंबई राज्यात आले. उलट नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन सर्कले आंध्रात गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल सर्कलेही गेली, ती निजामाबादला.

सर्कल म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावे लागेल. तालुक्याच्या खाली काही गावांचा गट, त्यावर एक गिरदावर. दोन राज्यांची वाटणी या गिरदावराच्या हद्दीवर झाली, गावागावाची मोजणी करून नाही. त्यामुळे मराठी बोलणारे बेला-जैनद इकडे राहिले, कारण ते आदिलाबाद तालुक्यात होते. आणि तेलुगू बोलणारी काही गावे तिकडे गेली, कारण ती किनवटमध्ये होती. एकाच घरात थोरल्याची जमीन इस्लापूरकडे आणि धाकट्याची बोथकडे असेल, तर भाऊ दोन राज्यांचे झाले.

राजुऱ्याची तऱ्हा तर आणखी मजेची. त्याला नांदेड जिल्ह्यात घातले, पण राजुरा आणि किनवट यांच्या मधे आदिलाबाद तालुका आडवा! राजुऱ्याच्या माणसाने जिल्ह्याच्या कामाला नांदेडला जायचे म्हणजे दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या जिल्ह्यातून जायचे. 1959 मध्ये ही चूक सुधारली आणि राजुरा चांद्याला जोडले. आमची चूक मात्र तशीच राहिली. आदिलाबादहून रेल्वेने हैदराबादला निघालात तर गाडी आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, भोकर, मुदखेड करून ती पुन्हा तेलंगणात येते. राजधानीला जायला परराज्यातून वाट.

आणि जिथे सीमा मोजून घेतलीच नाही तिथे काय होते, ते जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरातल्या चौदा गावांत दिसते. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यांतली काही. दोन्ही राज्ये त्यांच्यावर हक्क सांगतात. तिथल्या लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डे आहेत, दोन राज्यांच्या मतदारयाद्यांत नावे आहेत, एका गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा जवळजवळ आहेत. बाहेरचे लोक हसतात आणि ‘मजा आहे बुवा’ म्हणतात. जमिनीच्या पट्ट्याचा प्रश्न आला की ही मजा संपते. दोन सरकारे आहेत, पण पक्का कागद देणारे एकही नाही. त्याच डोंगरात जंगुबाईचे स्थान आहे. पौषात दोन्ही राज्यांतले गोंड तिथे येतात. त्यांच्या दृष्टीने ते सीमेवरचे गाव नाही. तिथे देवी आहे, आणि देवी असते ती जागा मध्याची.

‘सीमाभाग’ हा शब्द मला अपुरा वाटतो तो यासाठी. आपल्याला जो काठ वाटतो तो कोणाच्या तरी देशाचा मध्य होता. चांद्यापासून उटनूरपर्यंतच्या त्या देशावर आधी वर्धेची, मग पैनगंगेची, मग 1956 ची रेघ पडली. त्या रेघांनी आपल्यालाही कापले, हे खरे. शासकीय भाषा तेलुगू झाली, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांचे पट उतरत गेले, मुलांनी आधी तेलुगू आणि मग इंग्रजी धरली. ते दुःख मी कमी करून सांगत नाही. पण आपल्या पाठीशी पलीकडे आपल्या भाषेचे एक राज्य उभे होते. गोंडीच्या पाठीशी कोणते होते? नारनूरजवळच्या गुंजाळा गावी गोंडीची स्वतःची लिपी जुन्या हस्तलिखितांत सापडली, ती या शतकात. 2018 मध्ये तिला संगणकाच्या युनिकोड मानकात जागा मिळाली. तोवर गोंडीला लिपीच नाही असे आपण छातीठोकपणे सांगत होतो.

सीमेचा खरा जाच कुठे होतो ते दवाखान्यात कळते. केसपेपरवर गाव, तालुका, जिल्हा असे रकाने असतात. 1985 मध्ये एन. टी. रामाराव सरकारने तालुके मोडून मंडळे केली, तरी आपली माणसे अजून ‘तालुका बोथ’ सांगतात. पण त्यापुढे जातीच्या दाखल्याची कहाणी सुरू होते. 1976 च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगणातले लंबाडे अनुसूचित जमातींत आले. महाराष्ट्रात तोच समाज बंजारा म्हणून विमुक्त जातींत आहे. एकाच तांड्यातली बहीण नदीपलीकडे दिली तर तिची मुले एका यादीत, भावाची दुसऱ्या. त्या दाखल्यावर शिक्षण आहे, नोकरी आहे, उटनूरच्या अनुसूचित क्षेत्रात जमीन घेता येते की नाही हेही आहे. म्हणून पलीकडून अनेक तांडे अलीकडे आले, पठारावरची गर्दी वाढली, आणि 2017 च्या अखेरीस आदिवासी आणि लंबाडे यांच्यात जो तणाव भडकला तो सर्वांनी पाहिला आहे. नकाशावरची रेघ कोणी तरी दूर बसून ओढतो आणि तिच्यामुळे दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहतात. उलट, काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबादकडच्या गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. शेतकऱ्याला तिकडे जास्त मिळते म्हणून. भाषेपेक्षा सातबारा जवळचा, हे त्यांनी उघड सांगितले.

तुमच्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे राज्याचे भाग म्हणजे काउंट्या. एकट्या टेक्सासात त्या 254 आहेत आणि शंभर वर्षांत त्यांच्या हद्दी जवळजवळ हलल्या नाहीत. खेडी ओस पडली, एका काउंटीत तर शंभर माणसेही उरली नाहीत, तरी काउंटी आहे आणि तिची कचेरी आहे. त्यामुळे तिथे कोणी आजोबांचा जमिनीचा कागद शोधायला निघाला तर त्याच कचेरीत जातो. आपल्याकडे 2014 च्या जूनमध्ये तेलंगणा झाला तेव्हा त्यात दहा जिल्हे होते. 11 ऑक्टोबर 2016 ला एकतीस झाले आणि आता तेहतीस आहेत. जुन्या आदिलाबादचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. लहान जिल्ह्याची सोय मी नाकारत नाही. वाकडीच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी आदिलाबादपर्यंत यावे लागे, ते टळले. एका जिल्ह्याला कोमराम भीम यांचे नाव मिळाले हेही योग्य झाले. पण भैंसा-मुधोळचे मराठी निर्मलमध्ये, सिरपूर-वाकडीचे आसिफाबादमध्ये आणि आपण इथे, असे विखुरलो. उटनूरची आदिवासी विकास संस्था मात्र चारही जिल्ह्यांचे काम पाहते. पठार कापता येत नाही, हे निदान त्या कार्यालयाला ठाऊक आहे.

पौष अमावास्येच्या आधी मेश्राम कुळाचे लोक केसलापूरहून पायी निघतात आणि गोदावरीचे पाणी आणायला जन्नारमजवळच्या कलमडुगूला जातात. ते पाणी नागोबाला घालतात. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुनांची त्या रात्री देवाशी भेट घडवतात; तिला ‘भेटिंग’ म्हणतात. महाराष्ट्रातलेही मेश्राम बैलगाड्या जोडून येतात. केसलापूर आदिलाबाद जिल्ह्यात, जन्नारम मंचेरियालमध्ये. चालणाऱ्याला दोन्हींच्या मधे जंगल आणि टेकड्या दिसतात. या जत्रेला मी अनेक वर्षे जातो. आपल्यातले फार थोडे भेटतात.

शेवटी एक कामाची गोष्ट. आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये जुने कागद आहेत: सेतवार, पहाणीच्या नकला, पट्टे, कर्जखते, शाळेचे दाखले. त्यांतले उर्दू कोणाला वाचता येत नाही म्हणून, मोडी कोणाला येत नाही म्हणून, ते रद्दीत जात आहेत. सालावरून बावरू नका. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येते; 1356 फसली म्हणजे 1946-47. कागदावर जिल्हा ‘आदिलाबाद’ आणि तालुका ‘किनवट’ दिसला तर तो चुकीचा समजू नका, तो 1956 च्या आधीचा आहे. ‘मुधोळ, जिल्हा नांदेड’ असेल तर तेही त्याच काळातले. गोंड कुटुंबाच्या जमिनीचा कागद तुमच्या घरात निघाला तर तो त्या कुटुंबाला दाखवा. त्यांच्याकडे त्याची प्रत असण्याची शक्यता कमी आहे. हैदराबादेत तारनाक्याला राज्य अभिलेखागार आहे आणि निजामकालीन दफ्तरे तिथे आहेत. पावसाळ्यानंतर मंडळातल्या चार-सहा जणांनी तिथे जायचे ठरते आहे. उर्दू वाचणारे एक निवृत्त शिक्षक बरोबर यायला तयार आहेत. ज्यांना कागद दाखवायचे असतील त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत, कापडात गुंडाळून आणावेत. आणि शाईवर हळद लावू नये.